फोनमधले लटकू

शनिशिंगणापूरच्या वाटेवर लटकू भेटतात. घोडेगावला हमरस्ता सोडून गाडी आत वळली, की रसवंत्यांच्या पाट्यांमधून एखादा तरुण मोटारसायकलवर बाजूला येतो आणि चालत्या गाडीच्या काचेशी बोलू लागतो. पार्किंग फुकट, चपला ठेवायला जागा फुकट, हातपाय धुवायला पाणी फुकट. एवढं सगळं देणाऱ्याच्या मागोमाग आपली गाडी एका ठरावीक दुकानापुढे जाऊन थांबते. तिथे तेल, रुईच्या पानांची माळ, काळे उडीद आणि काळं कापड असं ताट हातात पडतं, त्याची किंमत कानावर पडते, आणि फुकटाला किती पैसे लागतात ते कळतं. पोलीस अधूनमधून लटकूंवर कारवाई करतात, पेपरात बातमी येते, चार दिवस रस्ता मोकळा वाटतो. मग पुन्हा काचेशेजारी मोटारसायकल.

अलीकडे हे लटकू मला ओळखीपाळखीच्या लोकांच्या फोनमध्ये दिसू लागले आहेत.

आमचे एक तात्या आहेत. त्यांना सकाळी उठल्यावर देवाच्या आधी कांद्याचा भाव लागतो. घोडेगावच्या बाजारात काल काय निघाला, हे बघायला ते फोन उघडतात, तर भावाच्या जागी अख्खा पडदा व्यापून एक हसरी बाई त्यांना पाच मिनिटांत कर्ज देऊ करते. कांद्याचा भाव बघणाऱ्या माणसाला कर्जाची गरज असणार, हे तिला कसं कळलं, याचं तात्यांना आधी कौतुकच वाटलं होतं. तिला घालवायची फुली कोपऱ्यात असते, फिकट राखाडी, पांढऱ्यावर. तात्यांचं बोट शेतकऱ्याचं. ते फुलीवर टेकतं तेव्हा आजूबाजूचा अर्धा इंच सोबत दाबला जातो आणि कर्जाचा अर्ज उघडतो. तो बंद केला, की ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले आहेत’ अशी लाल पाटी येते. त्यावर उपाय म्हणून जे अ‍ॅप सुचवलं जातं, ते घेतल्यावर दुसऱ्या दिवशीपासून दोन बायका कर्ज देतात.

ती फुली मुद्दामच अशी ठेवलेली असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा क्लृप्त्यांची एक यादीच काढली आणि तेरा प्रकारांना मनाई केली. त्यात वेश पालटून आलेली जाहिरात आहे, सारखी भुणभुण लावणं आहे, हो म्हटलं की नाही असा घोळ घालणारा प्रश्न आहे, व्हायरसची भीती घालून पैसे उकळणंही आहे. यादी वाचताना वाटतं, ही लिहिणाऱ्याने कुणातरी तात्यांचा फोन आठवडाभर वापरला असावा. पण यादी दिल्लीत निघते, आणि हसरी बाई कोणत्या देशातून हसते ते तिच्या कंपनीलाच ठाऊक.

हे पाहुणे फोनमध्ये येतात कसे, याची चौकशी केली तर उत्तर साधंच निघतं. फोनमध्ये टॉर्च असतानाही बॅटरीचं वेगळं अ‍ॅप घेतलेलं असतं. खरं तर २०१४ च्या सुमाराला अँड्रॉइडने टॉर्चचं बटण स्वतःच देऊ केलं, तरी आपण अजून अंधारात बॅटरी बाहेरून आणतो. शिवाय फोन ‘साफ’ करणारं, गणपतीचे वॉलपेपर पुरवणारं, मराठी टायपिंग करून देणारं, कुंडली जुळवणारं असं काही ना काही घेतलेलं असतं. त्यातलं बरंचसं इमानदार असतं. एखादं मात्र घरात आल्या आल्या आपलं चिन्ह लपवतं. यादीत शोधायला जावं तर ते ‘सेटिंग्ज’ किंवा तसलंच सरकारी वाटेल असं नाव लावून बसलेलं. तात्यांची कुठल्याही सरकारी गोष्टीला हात लावायची तयारी नसते, हे त्याला बरोबर माहीत असतं.

अधिकृत दुकानातून घेतलं म्हणजे निर्धास्त राहावं, असंही होत नाही. मार्च २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘सिमबॅड’ नावाचं प्रकरण उघड केलं. गूगलच्या प्ले स्टोअरवरच्या दोनशेहून अधिक अ‍ॅपमध्ये ही जाहिरातबाजी दडलेली होती आणि ती अ‍ॅप मिळून सुमारे पंधरा कोटी वेळा उतरवली गेली होती. त्यातले बरेचसे खेळ वाहनं आणि यंत्रं चालवण्याचे होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२० मध्ये, गूगलने असल्या उपद्रवी जाहिरातींसाठी जवळपास सहाशे अ‍ॅप एकदम काढून टाकली. लटकूंवरच्या कारवाईसारखीच ही बातमी होती, आणि रस्ता मोकळा वाटण्याचे दिवसही साधारण तेवढेच.

आता शिंगणापूरचा विषय निघालाच आहे, तर गावातही जाऊन येऊ. या गावातल्या घरांना परंपरेने दारं नाहीत. चौकट असते, चौकटीत पडदा असतो, कुत्रं-मांजर येऊ नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवलेली असते. कुलूप नाही. देवच उघड्यावर आहे म्हटल्यावर भक्तांनी काय दारं लावायची? साडेपाच फुटांहून उंच असा तो काळा पाषाण चौथऱ्यावर उभा आहे, वर छप्पर नाही, भोवती गाभारा नाही. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेतात, अशी गावाची श्रद्धा. युको बँकेने २०११ मध्ये इथे शाखा काढली, तीसुद्धा बिनकुलपाची शाखा म्हणून देशभर गाजली. पोलीस ठाणं गावाला मिळालं ते २०१५ मध्ये.

श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही. साडेसाती सगळ्यांनाच असते. पण त्या उघड्या चौकटींकडे बघताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दार नसलेल्या घरासमोर दुसरं दार नसलेलं घर असतं. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय होतं, हे ओट्यावर बसलेली एखादी म्हातारी न विचारता टिपत असते. शनिदेवांकडे प्रकरण जाण्याआधी ते तिच्याकडे जातं.

आपल्या फोनला याच्या बरोबर उलट दारंच दारं आहेत. कॅमेऱ्याला दार, माइकला दार, संपर्कयादीला, फोटोंना, ठिकाणाला, सूचनांना दार. इतर अ‍ॅपच्या वर येऊन दिसण्याची परवानगी नावाचं तर एक खास दार आहे, आणि हसरी बाई नेमकी त्यातून आत येते. प्रत्येक दारावर येणारा रीतसर थांबतो आणि विचारतो, येऊ का? घरफोडी जवळजवळ कुणीच करत नाही. आपणच ‘अलाऊ’ म्हणतो. ओटा मात्र नाही, आणि ओट्यावरची म्हातारी नाही. कारण ती म्हातारी आत बसून स्वतःच्या फोनवर अलाऊ म्हणते आहे.

आमच्या अहिल्यानगरात सावेडीला एक मावशी राहतात. त्यांचा फोन तर जत्रेला निघाला होता. अभंग लावावा तर मधूनच केस वाढवायचं तेल यायचं. फोन हातातही नसताना टेबलावर आपोआप उजळायचा, तापायचा, आणि रोजचा डेटा दुपारच्या चहापर्यंत संपायचा. शेजारची नववीतली मुलगी एका रविवारी त्यांच्याकडे बसली आणि तिने शस्त्रक्रिया सुरू केली. मी तिथे पेशंटचा नातेवाईक म्हणून हजर होतो.

तिची पद्धत बघण्यासारखी होती. जाहिरात आल्यावर आपण घाईघाईने फुली शोधतो. तिने तसं केलं नाही. नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅपची रांग दाखवणारं खालचं बटण दाबलं, आणि ती जाहिरात कुणाच्या नावावर आली आहे ते तिथे दिसलं. मग पॉवरचं बटण धरून, ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवून तिने फोन सेफ मोडमध्ये चालू केला. त्यात बाहेरून आणलेली अ‍ॅप झोपलेली असतात आणि फोन नवा असताना होता तितकाच शहाणा वागतो. जाहिराती थांबल्या. म्हणजे दोष फोनचा नाही, पाहुण्यांचा. सेटिंग्जमध्ये जाऊन तिने अ‍ॅपची सगळी यादी काढली आणि एकेकाची हजेरी घेतली. एक जण निघायला तयार होईना. त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिन म्हणून स्वतःची नेमणूक करून घेतली होती. तिने आधी त्याचा अधिकार काढला, मग त्याला काढलं. हा क्रम राज्यशास्त्राच्या तासालाही शिकवण्यासारखा आहे. त्यानंतर इतरांच्या डोक्यावर चढून दिसण्याची परवानगी कुणाकुणाला आहे ते बघितलं. क्रोममध्ये कुठल्या कुठल्या संकेतस्थळांना सूचना पाठवायची मुभा आहे ते बघितलं. तिथे ‘मी यंत्रमानव नाही’ हे सिद्ध करण्यासाठी मावशींनी दाबलेल्या अलाऊंचं फळ लटकलेलं होतं. शेवटी गूगलच्या प्ले प्रोटेक्टची तपासणी लावली. फोन पुसून कोरा करायची पाळी आली नाही. तो शेवटचा उपाय असतो, आणि त्याआधी नातवंडांचे फोटो दुसरीकडे ठेवायचे असतात.

“आजी,” ती म्हणाली, “या सगळ्यांना तुम्ही परवानगी का दिलीत?”

मावशी म्हणाल्या, “अगं पोरी, त्यांनी विचारलं ना! या घरात आता मला कोण विचारतं?”

पोरगी गप्प झाली. मीही गप्प. सायबर सुरक्षेवरची भाषणं मी ऐकली आहेत, पण फोनमध्ये लटकू का शिरतात याचं इतकं नेमकं कारण त्यांतल्या कुणी सांगितलं नव्हतं. घर विकायचं ठरलं, सांगितलं गेलं. स्वयंपाकघरातली मांडणी बदलली, दाखवली गेली. फोनसुद्धा मुलाने नवा आणून जुना नेला. दिवसभरात ‘चालेल का?’ असं आदबीने विचारणारा एकच, तो हा पडदा. त्याला नाही कसं म्हणायचं?

आणि नाही म्हणायची सवय तरी आपल्याला कुठे आहे. दारी आलेल्याला रिकामं पाठवू नये, हे आपल्या अंगात मुरलेलं. चोर हे ओळखतात. म्हणून हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येते, नाव अनोळखी, पण कार्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून माणूस ती उघडतो. पत्रिकेच्या नावापुढे ‘डॉट एपीके’ असं शेपूट असतं. ती पत्रिका नसून अ‍ॅप असतं, आणि ते जाहिराती दाखवण्याइतकं निरुपद्रवी नसतं. ते बँकेचे संदेश वाचतं. अशा वेळी पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनच्या क्रमांकावर लगेच सांगायचं असतं. एवढा एक आकडा तरी भिंतीवर लिहून ठेवावा.

देवाच्या नावानेही हेच होतं. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात खुद्द शनिशिंगणापूरच्या नावाने चाललेल्या बनावट अ‍ॅपचं प्रकरण विधानसभेत गाजलं. घरबसल्या पूजा, अभिषेक, तेल अर्पण, पैसे ऑनलाइन. अहिल्यानगरच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ज्या गावात चोरी होत नाही या श्रद्धेने घराला दार नाही, त्याच गावाच्या नावाने दूरवरच्या भक्तांचे खिसे हलके झाले. हे लटकू मोटारसायकलवर आले नव्हते. ओट्यावरच्या म्हातारीला ते दिसण्याची सोयच नव्हती.

म्हणून मला वाटतं, फोनलाही एक ओटा पाहिजे. सरकारने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र काढलं, तिथे फोन तपासायची मोफत साधनं मिळतात, ते चांगलंच आहे. पण दिवाळीला घरं आवरतो तसं चार घरांनी एकत्र बसून एकमेकांचे फोन बघितले, तर निम्मे लटकू तिथेच धरले जातील. गरज नसलेलं अ‍ॅप काढा, लिंकवरून आलेलं घेऊ नका, आणि घेताना ते काय मागतंय ते मोठ्याने वाचा. बॅटरी लावणाऱ्याला संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न मोठ्याने वाचल्यावरच पडतो. मनात वाचला तर बोट आधी पुढे जातं.

मावशींना हे सगळं पटलं. त्यापेक्षा जास्त पटलं ते ‘डोन्ट अलाऊ’ नावाचं बटण. इतकी वर्षं ते शेजारीच होतं आणि कुणी ओळख करून दिली नव्हती. त्या मुलीने ते दाखवल्यापासून मावशी ते चवीने दाबतात. हवामानाच्या अ‍ॅपला ठिकाण सांगितलं नाही, त्यामुळे ते त्यांना भलत्याच गावचा पाऊस दाखवतं. कॅलेंडरला सूचना देऊ दिल्या नाहीत, एकादशी हुकली. त्याचंही त्यांना विशेष वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. आवाज स्वच्छ, पडदा काळा.

“आई, तू दिसत नाहीयेस.”

“हो,” मावशी शांतपणे म्हणाल्या. “कॅमेऱ्याचं त्याने विचारलं होतं. मी नाही म्हणाले.”

“अगं, पण का?”

“आधी तू विचार,” मावशी म्हणाल्या. “मग बघू.”