केंद्रावर नापास, समुद्रात पास

यवतमाळ जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. जिल्ह्यावर झालेल्या अन्यायांपैकी समिती न नेमलेला बहुधा हा एकटाच. तरीही अरबी समुद्र साफ करायची वेळ आता आपल्या कापसावर येईल असं दिसतं.

टेक्सास टेक विद्यापीठातल्या शेषाद्री रामकुमार आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिलं की, प्रक्रिया न केलेली रुई स्वतःच्या वजनाच्या तीसपटीहून जास्त खनिज तेल धरून ठेवते. धाग्यावरचं नैसर्गिक मेण पाण्याला हाकलतं नि तेलाला आत घेतं. त्यातही सगळ्यात जास्त तेल पितो तो कमी मायक्रोनेअरचा, नीट न भरलेल्या धाग्याचा कापूस. म्हणजे ज्याच्याकडे बघून खरेदी केंद्रावरचा ग्रेडर गाडी परत फिरवायला सांगतो, तोच.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं, बंदरं बंद पडली. कागदावरच्या हिशेबानं ते टिपायला २७ टन रुई लागली असती, जेमतेम १६० गाठी. आपल्याकडची एखादी जिनिंग एक-दोन दिवसांत बांधून देते. पण अशा वेळी जगभर वापरतात ती पॉलीप्रॉपिलीनची पॅड्स, आणि पॉलीप्रॉपिलीन बनतं खनिज तेलापासून. तेल सांडलं की पुसायला फडकंही तेलाचंच!

तर समजा, उद्या हा कापूस घेऊन कुणी केंद्रावर गेला.

“सायेब, हा माल समुद्रासाठी हाय जी.”

“समुद्राचा सातबारा आणलाय? त्यावर कापसाची नोंद आहे? आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत पाहिजे.”

“आता समुद्राचा ओलावा बारा टक्क्यांत कसा बसवू जी?”

“मग पुढच्या सोमवारी या.”

वाहतुकीचा प्रश्न तर इंग्रजांनीच सोडवून ठेवला होता. शकुंतला रेल्वे इथला कापूस मूर्तिजापूरला पोचवायची, तिथून तो मुंबईला नि पुढे मँचेस्टरला जायचा. आता तेल सांडलंच, तर आधी बंद पडलेल्या शकुंतलेचं सर्वेक्षण होईल, मग फेरसर्वेक्षण. तोवर तेल आपल्या पायानं जुहूला पोचलेलं असेल.

एक अडचण मात्र खरी आहे. तेल पिऊन काळा झालेला कापूस शेवटी टाकायचा कुठे? उद्याच्या सरकारी प्रस्तावात त्याचीही सोय असेलच. किनाऱ्यावर जागेचे भाव परवडत नाहीत, आणि यवतमाळला पडीक जमीन भरपूर आहे.