काका निघाले काश्मीरला, व्हाया एक्सेल

ऐकलंत का? समोरच्या बिल्डिंगमधले काका गाडीने काश्मीरला निघालेत. गाडीने! खडकवासल्याला कणीस खायला जायचं म्हटलं तरी 'रविवारी नको रे बाबा' म्हणणारा हा माणूस श्रीनगरला राष्ट्रीय महामार्ग ४४ धरणार आणि थेट कन्याकुमारीला समुद्रात पाय बुडवणार म्हणे! जायचंय मे महिन्यात, तयारी चालू आहे दिवाळीपासून. काय म्हणावं या थेरांना?

बरं, जायचं तर जा ना गुपचूप! पण नाही. एक्सेल उघडली, रकाने पाडले. विमानाने अर्ध्या दिवसात श्रीनगर. हिमसागर एक्सप्रेस कटऱ्याहून कन्याकुमारीला साधारण तीन दिवसांत नेऊन सोडते. आणि गाडी? पुण्याहून श्रीनगर एकवीसशे किलोमीटरच्या वर. लिटरला पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं तरी नुसतं जायलाच एकशेचाळीस लिटर पेट्रोल. वर मुक्काम, जेवणखाण, टोल. तिन्ही रकान्यांत गाडी सपशेल हरली. मग काकांनी काय करावं? चौथा रकाना पाडला: 'स्वातंत्र्य'. तिथे गाडीला दहापैकी दहा. झाला निकाल!

टोलचं तर विचारूच नका. २०२५मध्ये तीन हजारांत वर्षाचा फास्टॅग पास निघाला, २०० फेऱ्या. तो घेतल्यापासून काका असे चालतात, जणू महामार्गच सातबाऱ्यावर चढलाय. तो पास ना मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला चालत, ना समृद्धीला, हे त्यांना सांगायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

आणि बाटलेले किती! जिममधल्या पोरांना लडाखशिवाय दुसरं काही सुचत नाही. मनालीकडून चढायचं की श्रीनगरकडून, यावर जिवलग मित्रांचा अबोला झालाय. श्रीनगरकडून उंची हळूहळू वाढते, डोकं कमी दुखतं, हा एका गटाचा दावा. पण रोहतांगखालचा अटल बोगदा सोडवतोय कुणाला? सिंहगडावर दुसऱ्या वळणाला ताक प्यायला बसणारे गडी उमलिंग ला या १९,०२४ फुटांवरच्या खिंडीच्या गप्पा ठोकतात! कोकणवाले तर त्याहून वरताण. कोकण रेल्वेने २०२५च्या गणपतीआधी कोलाड ते वेर्णा मोटारी वॅगनवर चढवायला घेतल्या, गाडीमागे ७,८७५ रुपये. म्हणजे गाडी बसणार मालगाडीवर, मालक बसणार डब्यात, आणि गावभर सांगणार 'रोडट्रिप' केली. आहे की नाही कमाल?

काकू तेवढ्या शहाण्या वाटल्या होत्या. त्यांनीही परवा मान तुकवली. डिकीत शेगडी बसते का बघायला टेप घेऊन पार्किंगात उतरल्या होत्या. दोन किलो भाजणी दळून आली आहे, मेतकूट वेगळं.

आपण मात्र या वेडात नाही हं. मी नाही त्यातली, कडी लाव आतली! काल रात्री घर झोपल्यावर पांघरुणात मोबाइल धरून 'पुणे ते श्रीनगर' कोण बघत होतं? उदयपूरला वाट वाकडी करायची की सरळ जायचं, यावर बारा कुणी वाजवले? शेवटचा मुक्काम काका जम्मूला म्हणतात. छे! पठाणकोटलाच करावा. काकांना काय कळतंय त्यातलं?