घरात काही नाही : एक शास्त्रोक्त मार्गदर्शिका

प्रस्तुत मार्गदर्शिका रात्री आठ ते साडेनऊ या वेळेत लागू राहील. ज्यांना स्वयंपाक उत्तम येतो त्यांनी ती वाचू नये. त्यांच्या हरकती नोंदवून घेण्याची सोय येथे नाही.

मराठीत पाकशास्त्राच्या ग्रंथांची वानवा नाही. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ छापून आलं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’मध्ये हजार पाकक्रिया दिल्या. १९७०च्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापं देऊन नवख्या सुनांना आणि पुढे परदेशी गेलेल्या मुलांना तारलं. एवढं वाङ्मय पाठीशी असताना सुशिक्षित माणूस फ्रिजचं दार उघडतो, आतल्या दिव्याकडे बघत उभा राहतो, दार लावतो आणि दोन मिनिटांनी पुन्हा उघडतो. मधल्या काळात आत काही उगवलेलं नसतं. मग ‘घरात काही नाही’ असा ठराव एकमताने मंजूर होतो आणि बाहेरून बिर्याणी मागवली जाते.

सदर ठराव तथ्यहीन आहे. खात्री करायची तर रीतसर पंचनामा करावा, आणि तो फ्रिजचा नव्हे, डब्यांचा. ‘काही नाही’ असलेल्या घरात सर्वसाधारणपणे पुढील मुद्देमाल सापडतो : बेसन, पोहे, रवा, ज्वारीचं पीठ, दाण्याचं कूट, कांदे, लसणाचा एक गड्डा आणि सगळ्यात मागे, आईने दिलेली भाजणी, तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. हिरवा पडलेला बटाटा आढळल्यास पंचांनी तो टाकून द्यावा. त्यात दया नको.

मुद्देमालात बेसन असेल तर खटला तिथेच निकालात निघतो. वाटीभर बेसन पातेल्यात घ्यावं. सगळं पाणी एकदम ओतणाऱ्याला गुठळ्यांची शिक्षा आहे. आधी अर्धी वाटी घालून बोटांनी नीट कालवावं, मग आणखी अडीच वाट्या. कढईत तेल तापलं की मोहरी. ती तडतडल्याशिवाय पुढे सरकू नये, नाहीतर जेवताना दाताखाली कडू येते. मग जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा, हळद. कांदा मऊ झाला की मीठ घालून कालवलेलं बेसन ओतायचं आणि ढवळत राहायचं. इथे फोन वाजतो. उचलू नये. पहिली दोन मिनिटं कढईत नुसतं पिवळं पाणी दिसतं आणि आपण फसलो या समजुतीने नवखा माणूस वरून कोरडं बेसन भुरभुरतो. तेही करू नये. कडेला बुडबुडे आले की ते एकाएकी दाटतं, फटफट आवाज करत मनगटावर शिंतोडे उडवतं. तेव्हा आच कमी करून पाच-सहा मिनिटं झाकण ठेवावं. कच्चा वास गेला की पिठलं झालं. वीस मिनिटं, एक कढई. तळाला धरलेली खरवड ही करणाऱ्याची मिळकत आहे, तिची वाटणी होत नाही. सोबत भाकरी असावी, नसल्यास भात, तोही नसल्यास पाव. पावाला नाक मुरडणाऱ्यास परातीसमोर बसवावं आणि भाकरी थापायला सांगावं.

आता कालची आमटी. ती पाहून घरातल्यांचे चेहरे पडतात, म्हणून ती ‘आमटी’ या रूपात पुन्हा समोर आणू नये. तिच्यात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ, थोडा बारीक रवा आणि चिरलेला कांदा घालून तव्यावर धिरडी घालावीत. मीठ-तिखट आधीच पडलेलं असतं. कालचं वरण असेल तर पातळ करून उकळावं आणि कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे त्यात सोडावेत. यांना कोणी वरणफळं म्हणतं, कोणी चकोल्या. वर तूप. किसलेला दुधी थालीपिठात घातला तर दुधी न खाणारी मंडळीसुद्धा दुसरं मागतात. जेवण उरकेपर्यंत खुलासा करू नये.

गॅस संपला असल्यास दडपे पोहे. पातळ पोह्यांत खोवलेलं ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, मीठ, किंचित साखर आणि लिंबू कालवून पंधरा मिनिटं दडपून ठेवावेत. फोडणीविना थोडे उणे लागतात. चालवून घ्यावेत.

‘पण हे पौष्टिक आहे का?’ असा प्रश्न बिर्याणी मागवताना कोणी विचारत नाही, येथे मात्र हमखास विचारला जातो. उत्तर तयार ठेवावं. शंभर ग्रॅम बेसनात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात २५च्या आसपास. धान्यात लायसीन कमी पडतं ते डाळ भरून काढते, म्हणून पिठलं-भाकरी आणि वरणफळं ही दोन्ही पूर्ण जेवणं आहेत. पोह्यांवरचं लिंबू शोभेचं नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. काकडी चोचवून, कूट घालून कोशिंबीर केली की भाजीचीही तक्रार मिटते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं तेव्हा ज्वारीच्या डब्याला अचानक प्रतिष्ठा आली. डबा आधीपासून तिथेच होता.

एका बाबतीत थट्टा बाजूला. फोडणीने सगळं निभतं हा आपल्याकडचा पक्का समज आहे. शिळ्या भाताच्या बाबतीत तो खोटा आहे. शिजलेला भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात जे विषारी द्रव्य तयार होऊ शकतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. फोडणीचा भात करायचा असेल तर आदल्या रात्री भात वेळेवर फ्रिजमध्ये जायला हवा. एवढं एक काम फ्रिजकडे राहू द्यावं.

पान वाढल्यावर ‘हे काय केलंयस?’ अशी विचारणा होईल. उत्तर देण्याआधी वर चमचाभर कच्चं तेल आणि बाजूला लसणाची चटणी वाढावी. सहसा पुढची विचारणा होत नाही. पिठल्याच्या कढईत मात्र जेवायला बसण्यापूर्वीच पाणी घालून ठेवा. वाळलेलं बेसन सकाळी तारेच्या घासणीलाही दाद देत नाही.