अडतीस मिनिटं

पारुळ्याच्या मावशीकडं जत्रेला जायचं ठरलं आणि बाबांनी मोबाईल हातात घेतला. पाच मिनिटांत निकाल जाहीर. "आपल्या कोल्हापूरचं उजळाईवाडी ते पारुळ्याजवळचं चिपी, हवाई अंतर १०९ किलोमीटर. उड्डाणाचा वेळ ३८ मिनिटं. उगंच एसटीत हाडं खिळखिळी करून घेऊ नका."

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फळ्यावर वेळ लिहिली म्हणजे गाडी येतेच असं नाही, हे प्रवाशांना पटवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. पण तोच आकडा फोनवर दिसला आणि गडी विरघळला.

"बाबा, विमान कुठाय पण?"

"वेळ दिलीय की! विमान नसंल तर वेळ कशाला देतील?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी खोलात गेलो. नकाशावर दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ मारायची, ताशी आठशेच्या वेगानं भागायचं, झाली आठ मिनिटं. चढण्या-उतरण्याचा सरसकट अर्धा तास मिळवला की अडतीस. इथं येणाऱ्या पंख्याच्या विमानाला पाचशे म्हणजे डोक्यावरून पाणी, ही गोष्ट वेगळी. आणि मुळात ते विमान नाही, ही आणखी वेगळी. कोल्हापूरला विमानतळ १९३९ पासून, चिपीला २०२१ पासून. दोघांची अजून बोलचाल नाही. विमानानंच जायचं म्हटलं तर मुंबई गाठायची. तिकडून चिपीचं विमान असलं तर असलं. म्हणजे वर तीनशे, खाली साडेतीनशे. एकशे नऊसाठी साडेसहाशे किलोमीटर. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हा, फक्त नाक मुंबईत.

स्कॉटलंडकडच्या ऑर्कनी बेटांवर म्हणे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं रोजच्या वापराचं विमान आहे. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आत, वेळ दोन मिनिटांहून कमी. एकदा तर ५३ सेकंदांत पोचलंय. तेवढ्यात आमच्या रिक्षावाल्याचे सुट्टे पैसे शोधून होत नाहीत. हे मी बाबांना सांगायला नको होतं.

"बघ! तिथं पावणेतीनला मिळतंय, आणि आपल्याला एकशे नऊला नाही!"

शेवटी मावशीला फोन लावला.

"विमानान येवक तू काय मंत्री आसस? गप येष्टीन ये. आणि येताना गूळ हाड."

सकाळी सीबीएसवर राधानगरी-फोंडामार्गे जाणारी गाडी धरली. बाबा खिडकीत, मांडीवर गुळाची ढेप. गाडी सुटताना त्यांनी घड्याळ बघितलं. कंडक्टर माजी सहकाऱ्याच्या मुलाच्या ओळखीतला निघाला, तरी बाबांनी तिकीट नीट तपासून घेतलं, मग घडी करून चष्म्याच्या घरात ठेवलं.

भोगावतीच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या पुढं लागल्या. एकीवरचा ऊस रस्त्यावर आलेला. ट्रॅक्टरवर गाणं मोठ्यानं लावलेलं, त्यामुळं ड्रायव्हरचा हॉर्न त्याला ठेका वाटत असावा. घाट अजून फार लांब होता.

बाबांनी मनगट माझ्यापुढं धरलं.

"अडतीस झाली. उतरलो आपण," म्हणाले, आणि चपला काढून पाय वर घेतले.