वाटी कुणाची धरायची?

थंडी पडली की घरोघर डिंकाच्या लाडवांचा घाट घातला जातो आणि दरवर्षी तोच अन्याय मुकाट सोसला जातो. तुम्हीही सोसला असेल. पाककृती सांगते, ‘दोन वाट्या खारीक पूड, दोन वाट्या किसलेलं सुकं खोबरं, अर्धी वाटी बेदाणे.’ दुकानदार विचारतो, ‘किती ग्रॅम देऊ?’ त्याचं काहीच चुकत नाही. २००९चा वैधमापन कायदा त्याला लागू आहे. त्याचा तराजू तपासला जातो, त्यावर शिक्का मारला जातो, पाकिटावर निव्वळ वजन छापावं लागतं. पाककृती लिहिणाऱ्याला मात्र कुठलाही कायदा लागू नाही.

वाटी कोणती धरायची? आमटीची, कोशिंबिरीची, नैवेद्याची की आहेरात आलेल्या सेटमधली? चिपटं-मापटंही भरूनच मोजायचं, पण त्यात हिशेब होता: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेरांची पायली. गावागणिक पायली बदलत असेल, पण त्या गावात तरी व्यवहार जुळायचा. वाटीचं एका घरातल्या दोन फळ्यांवरही जुळत नाही.

खारकेचंच प्रकरण घ्या. दुकानात ती अख्खी मिळते. फोडायची, बी काढायची, देठाकडची टोपी काढायची, मग कुटायची. बियांचेही पैसे आपण मोजलेले असतात, पण पुडीत त्या येत नाहीत. भरड कुटली तर वाटीत कमी बसते, वस्त्रगाळ केली तर जास्त. मग दोन वाट्या पुडीसाठी आणायची किती? खोबऱ्याचा कीस हलक्या हाताने भरला तर वाटीत निम्मी हवा, चेपला तर वरून आणखी मूठभर मावतो. आणि डिंक! तो तुपात पडला की फुलून कितीतरी पट होतो. ‘एक वाटी डिंक’ ही तळण्याआधीची की नंतरची, यावर लाडू वळणार की फसणार हे ठरतं, आणि नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

परदेशी कृतींकडे दाद मागावी, तर अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. तरी अमेरिकेच्या कृषी खात्याने विषय दप्तरी घेतला आहे: बेदाणे सैल भरले तर कपात १४५ ग्रॅम, दाबून भरले तर १६५. वीस ग्रॅमांचा फरक, आणि तो केवळ हाताच्या दाबाचा.

आपल्याकडे तर सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. तासगावच्या सौद्यात त्याचा भाव किलोवर ठरतो. शेतकरी, अडत्या, व्यापारी, वाणी सगळे वजनात बोलतात. एवढा शिस्तीचा माल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येतो आणि तिथे त्याचं वजन काढून घेतलं जातं.

म्हणून सर्व पाककृतीकारांकडे माझी रीतसर मागणी आहे. वाटी लिहायची तर लिहा, पण शेजारी ग्रॅम लिहा. खारीक बियांसकट मोजली की बिया काढून, कीस सैल की चेपून, डिंक कच्चा की तळलेला, हेही लिहा. आणि ही दुरुस्ती दिवाळीआधी करा. खारीक दिवाळीनंतर लगेच आणावी लागते.