आप्पांची दारू

आप्पांच्या धाकट्या मुलीला बघायला अक्कलकोटहून मंडळी यायची होती. पाहुणे शिस्तीचे, त्यांनी घरी यायच्या आधी गल्लीत चौकशी केली. पानटपरीवरच्या पोरानं खरं तेच सांगितलं, "आप्पा ना? लई चांगला माणूस हाय. फकस्त सकाळ-संध्याकाळ दारूचंच चालू आसतंय त्यांचं." पाहुणे तिथूनच एसटी स्टँडकडं वळले. मी मागून धावत जाऊन समजावलं, की ही दारू प्यायची नाही, बंदुकीच्या काडतुसात भरायची. त्यावर त्यांचा चेहरा जास्तच पडला. लग्न पुढं झालं, पण माझ्या मध्यस्थीमुळं झालं असं कोणी म्हणत नाही.

खरं तर आप्पांनी आयुष्यात एकही काडतूस भरलेलं नाही. वडिलांकडून वारशानं आलेली 315 ची रायफल आहे, तिचा परवाना आहे आणि परवान्यावर काडतुसांचा हिशेब आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानं विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हा. दुकानदार जे खडकीच्या कारखान्याचं देईल ते घ्यायचं, सही करायची, घरी यायचं. निवडीचा प्रश्नच नाही. आणि आप्पांची हयात गेली ती काडतुसात कुठली दारू भरावी याची निवड करण्यात.

असे लोक आमच्या सोलापुरात पुष्कळ. रेल्वेचं गाव असल्यामुळं, पुण्याच्या पलीकडं कधी न गेलेला पण मद्रास मेलचं जुनं वेळापत्रक तोंडपाठ असलेला माणूस प्रत्येक पेठेत एक तरी असतो. आप्पा त्याच घराण्यातले, फक्त शाखा वेगळी.

या नादाचं मूळ पुण्याच्या जुन्या बाजारात आहे. तिथं त्यांना रद्दीत एक अमेरिकन पुस्तक मिळालं: रिकामी काडतुसं घरच्या घरी पुन्हा कशी भरावीत. तिकडं म्हणे माणसं मोटारीच्या शेडमध्ये बसून हे करतात आणि दुकानात दारूचे वीस-पंचवीस प्रकारचे डबे मिळतात. वीस-पंचवीस! आप्पांना त्या रात्री झोप लागली नाही. पुस्तकात कोष्टकंच कोष्टकं. अमुक वजनाची गोळी, तमुक दारू, एवढा वेग. आप्पा ते पंचांगासारखं वाचतात. गोळी आणि दारूचे गुण जुळतात का, हे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य असतं, ते मुलीची पत्रिका बघताना नव्हतं.

त्यांचं शिकवणं मात्र फर्मास. एकदा मी भोळेपणानं विचारलं, "आप्पा, दारू ती दारू. त्यात निवडायचं काय?"

"मास्तर, बसा," आप्पा म्हणाले. हे वाक्य आलं की दीड तास गेला समजावा. "भाकरी करताना चुलीत काय घालताव? तुराट्या. भसकन पेटत्यात, भसकन संपत्यात. आन् हुरड्याच्या आगटीत? गोवऱ्या. धुमसत ऱ्हात्यात. आता आगटीत तुराट्या घाला की. कणीस वरनं काळं, आतनं कच्चं. दारूचं तसंच हाय. पिस्तुलाची नळी आखूड, तितं तुराट्या. रायफलीची नळी लांब, गोळी जड, तिला शेवटापतूर ढकलत न्यावं लागतंय. तितं गोवरी. रायफलीत तुराटीची दारू रायफलीच्या मापानं भरली, तर गोळी जायच्या आधी रायफल जाती. आन् धरणारा बी."

दाण्याच्या आकाराचं प्रकरण त्यांनी कडबोळ्यावर समजावलं. एक दारू गोल दाण्याची, एक चपट्या टिकल्यांची, एक बारीक नळीच्या तुकड्यांची. या नळीला मधोमध भोक. बाहेरून जळत ती बारीक होते, तेवढंच आतलं भोक मोठं होत जातं, म्हणून जळणारं अंग फारसं कमी होत नाही आणि दाब टिकून राहतो. हे सांगताना आप्पांनी ताटातलं कडबोळं आतून आणि बाहेरून एकाच वेळी खायचा प्रयत्न केला. विज्ञान मला तेव्हा कळलं.

या शास्त्रात आप्पांचे एकच प्रतिस्पर्धी, शेजारचे निवृत्त सुभेदार. सुभेदारांनी नोकरीत हजारो गोळ्या झाडल्या, पण आत काय भरलंय याचा कधी विचार केला नाही. आप्पांच्या मते हे म्हणजे जेवण करून भाजीचं नाव न विचारण्यासारखं. वादात मात्र सुभेदार गोल दाण्याच्या बाजूचे: मापाला सोपी, यंत्रात सरसर उतरते. मग आप्पा व्हिएतनाम काढतात. 1960 च्या दशकात अमेरिकन लष्करानं एम-16 रायफलीच्या काडतुसातली नळीची दारू बदलून गोल दाण्याची भरली, बंदुकीत काजळी साठायला लागली आणि ऐन लढाईत रायफली अडकल्या. इतरही कारणं होती, असं सुभेदार म्हणतात आणि ते बरोबर आहे. पण तोवर आप्पा विजयी मुद्रेनं चहा मागवून मोकळे झालेले असतात.

जुनी काळी दारू दोघांनाही चालत नाही. गंधक, सोरा, कोळसा; एक बार काढला की धुरात शिकारी दिसेना आणि शिकारही दिसेना. 1884 मध्ये व्हिएय नावाच्या फ्रेंच माणसानं बिनधुराची दारू काढली आणि जग पालटलं, असं आप्पा म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो. इंग्रजांची 303 रायफल 1888 मध्ये आली तीसुद्धा काळ्या दारूवरच. नंतर तिच्यात कॉर्डाइट आलं. कॉर्डाइट म्हणजे शेवयांसारख्या लांब काड्या. "पण लई गरम दारू. नळीच खाती," आप्पा नाक मुरडतात. जणू काल संध्याकाळीच चाखून बघितली.

त्यांच्या चिंतनाचा गाभा म्हणाल तर सोलापूरचा उन्हाळा. पुस्तकातले आकडे साधारण एकवीस अंशांवर घेतलेले. म्हणजे त्यांचा उन्हाळा हे आपलं महाबळेश्वर. इकडं मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. तापलेली दारू जास्त जोरात जळते, दाब वाढतो, गोळी वर लागते. मग सोलापूरला कुठली दारू योग्य? या प्रश्नावर आप्पांनी अकरा उन्हाळे घालवले. शेवटी ठरलं: वार्गेट. ही ऑस्ट्रेलियात तयार होते आणि उष्णतेनं फारशी चळत नाही अशी तिची ख्याती. "ऊन म्हंजे काय ते त्यांना ठाऊक हाय," आप्पा म्हणाले. निर्णयाच्या आनंदात त्यांनी गल्लीत पेढे वाटले. ही दारू त्यांनी पाहिलेली नाही, पाहणारही नाहीत. पेढे खरे होते.

सामग्री म्हणाल तर एकच, सोनाराकडून घेतलेला जुना काटा. दारू ग्रेनमध्ये मोजतात. सात हजार ग्रेनचा एक पौंड. सोनाराची गुंज भरते जवळजवळ दोन ग्रेन. त्या काट्यावर आप्पा रोज रात्री राजगिरा मोजतात. हाताला सवय राहावी म्हणून. एकादशीला काकूंना लाडवासाठी राजगिरा लागतो, तेव्हा तो नेमक्या मापाच्या पुड्यांमध्ये बांधलेला सापडतो.

दारू भरणाऱ्यांचा एक नियम मात्र आप्पा कडक पाळतात: टेबलावर एका वेळी एकच डबा. दोन दारू दिसायला सारख्या असू शकतात, रंगावर विसंबू नये, आणि चूक झाली तर दुसऱ्यांदा करायला माणूस उरत नाही. घरात दारू नसल्यामुळं हा नियम चटण्यांना लागू झाला. त्यांच्याकडं जेवायला बसलं, की आधी शेंगाचटणीची बरणी येते, वाढून होते, झाकण लागतं, कपाटात जाते. मगच कारळाची बाहेर. कडक भाकरी तोवर मऊ पडते. काकू म्हणतात, "चाळीस वर्सं झाली, अजून एक बी चटणी फुटली न्हाई."

2024 मध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकलं, त्या रात्री आप्पा पहाटेपर्यंत जागे. सगळे पदकाबद्दल बोलत होते, आप्पा एकच विचारत होते: दारू कुठली? पुतण्या रायफल क्लबात जातो. त्यानं सांगितलं, "आप्पा, ती पॉइंट टूटूची गोळी. पेटवायचा मसाला कडेतच असतो, एकदा उडवली की संपली, परत भरता येत नाही. कारखान्यातून येईल तशीच वापरायची." आणि दहा मीटरला? "तिथं दारूच नाही. हवा." आप्पांनी दोन दिवस क्लबाचं नाव काढलं नाही.

निवडणूक लागली की हुकुमाप्रमाणं रायफल ठाण्यात जमा करावी लागते. आप्पा ती सोलापुरी चादरीत गुंडाळून, लेकीला सासरी पोचवावी तसे पोचवायला जातात. निकालानंतर आणतात, तेल देतात, दसऱ्याला झेंडू वाहतात. उडवली कधी होती, असं विचारलं तर विषय बदलतात. काकू बोटं मोजतात आणि एकावर थांबतात.

यंदा गड्ड्याच्या यात्रेत अक्षता झाल्या, होम झाला आणि होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला आम्ही सगळे गेलो. अक्कलकोटचे व्याहीही आले होते. पहिलं औट फुटलं आणि पाहतो तर आप्पा दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे मिटून उभे. आभाळात लाल-हिरवा पाऊस पडत होता, काकू नातवाला खांद्यावर घेऊन नाचवत होत्या. मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही. आणखी मोठ्यानं ओरडलो आणि नेमकं त्याच वेळी दोन बारांच्या मधली शांतता पडली.

"आप्पा, दारू कुठली?"

अर्ध्या मैदानानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. पुढच्याच रांगेत माझ्या वर्गातल्या तीन मुलांचे आईबाप होते. सोमवारी हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावून घेतलं आणि फार मायेनं विचारलं, "मास्तर, घरी सगळं ठीक आहे ना?"