नोकरी ‘लावून देणाऱ्या’ साहेबांस

माननीय प्लेसमेंटवाले साहेब,

पत्र खुलेच पाठवतो आहे. बंद पाकीट दिसले की त्यात फीच असणार असे समजून तुम्ही ते न वाचता ड्रॉवरमध्ये टाकाल.

आधी अभिनंदन. स्वारगेटपासून चाकणपर्यंत विजेचा एकही खांब तुम्ही बेरोजगार ठेवलेला नाही. ‘पाहिजेत! पाहिजेत! पाहिजेत! दहावी पास-नापास, आयटीआय, कोणताही पदवीधर. पगार १८,००० ते २५,०००. फ्रेशर्स चालतील.’ नापासापासून पदवीधरापर्यंत सगळ्यांना एका ओळीत बसवणारी अशी समता आमच्या समाजसुधारकांनाही साधली नव्हती.

माझा भाचा बार्शीहून बी.कॉम. होऊन पुण्यात आला आणि असाच एक खांब वाचून तुमच्या दारी पोचला. मुलाखत व्हायच्या आधीच तुमच्याकडच्या मॅडमनी त्याला ‘तुमचं सिलेक्शन झालंय’ असे सांगितले. मग रजिस्ट्रेशनचे १,२०० रुपये. या आकड्याला माझी मनापासून दाद आहे. पाच हजार मागितले असते तर पोराने घरी फोन केला असता आणि कुणीतरी मामा चौकशीला आला असता. दोनशे मागितले असते तर तुमचे भाडे निघाले नसते. बाराशे म्हणजे कसे, मित्राकडून उसने मिळतात, बुडाले तर घरी सांगायची लाज वाटते, आणि पोलीस चौकीत सांगितले तर हवालदार म्हणतो, ‘जाऊ दे रे, शिकलास ना?’ एवढा विचार करून ठरवलेली किंमत मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेली नाही.

पावती मात्र तुम्ही दिलीत. त्यावर नोकरीचा न देखील नाही. ‘करिअर समुपदेशन शुल्क. परत मिळणार नाही.’ समुपदेशन झाले हे मी नाकारत नाही. ‘शर्ट इन कर आणि इंग्रजीत हॅलो म्हण,’ असे त्याला सांगण्यात आले होते.

आता तुमच्या धंद्याबद्दल थोडे, कारण भाच्याच्या वयाच्या मुलांना हे कुणी सांगत नाही. भरती करून देणाऱ्या एजन्सीला पैसे द्यायचे असतात ते कंपनीने. वर्षाच्या पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा या बाजारातला रुळलेला दर. त्यावर बहुधा तीन महिन्यांची हमी असते: त्याआधी माणूस सोडून गेला तर बदली माणूस फुकट. म्हणून तर पहिले तीन महिने तुमच्या मॅडम आईच्या मायेने फोन करतात. ‘काहीही झालं तरी सोडू नकोस हं, सेट होशील.’ एक्क्याण्णवाव्या दिवशी ही माया आटते. यात लबाडी असेलच असे नाही. पुण्यात असे काही लोक मी ओळखतो, जे कंपनीकडून बिल घेतात आणि उमेदवाराकडून चहासुद्धा घेत नाहीत. पण ते खांबांवर नसतात. तुमचे कौशल्य वेगळेच: तुम्ही माल विकत घेणाऱ्याकडूनही घेता आणि मालाकडूनही घेता.

‘बॅक ऑफिस’ म्हणून पाठवलेत ते काम क्रेडिट कार्ड विकण्याचे निघाले. फ्लेक्सपाशी उन्हात उभे राहायचे, टार्गेट गाठायचे. आम्ही समजून घेतले. ऑफिसच्या मागच्या रस्त्यालाही बॅक ऑफिस म्हणता येतेच. पगाराचे अठरा हजारही समजून घेतले. पीएफचे बारा टक्के, ईएसआयचा पाऊण टक्का, व्यवसाय कराचे २०० रुपये कापले गेले, ते कायद्यानेच. पण कंपनीने स्वतःच्या वाट्याचा भरायचा पीएफही त्या अठरा हजारांतच मोजलेला होता, हे तुम्ही समुपदेशनात सांगायला विसरलात. बाराशेत एवढे बसत नसेल.

एक गंमत सांगतो. दुबईला प्लंबर पाठवायचा तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली एजंटाला नोंदणी करावी लागते आणि कामगाराकडून घ्यायच्या रकमेला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा आहे. बार्शीचा बी.कॉम. चाकणला पाठवायला तुम्हाला एक गाळा आणि शॉप अ‍ॅक्टचा कागद पुरला. नोकरी शोधणाऱ्याकडून खासगी एजन्सीने पैसे घेऊच नयेत, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या करारात लिहून ठेवले आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही, त्यामुळे निर्धास्त राहा.

आमच्या सरकारचे तर तुमच्यावर विशेष उपकार आहेत. सेवायोजन कार्यालयात आमच्या पिढीने नाव नोंदवले, दर काही वर्षांनी कार्डाचे नूतनीकरण केले, आणि कॉल येण्याची वाट पाहता पाहता केस पिकवले. आता त्याच कार्यालयाला कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असे लांब नाव मिळाले आहे, ‘महास्वयम’ पोर्टल आहे, रोजगार मेळावे भरतात. तिथे फी नाही. फोनही नाही. तुमच्याकडून निदान फोन तरी येतो, आणि पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्या बावीस वर्षांच्या पोराला आपले नाव घेऊन बोलणारा कुणीतरी हवा असतो. तुमचे दुकान चालते ते याच भुकेवर. खांब रंगवणारे तुम्ही दोषी आहात, पण तो पोर खांबापाशी का थांबतो याचा जाब मी तुमच्या एकट्याकडे मागणार नाही.

दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका तुम्ही ‘व्हेरिफिकेशन’साठी ठेवून घेतल्या आहेत, त्या मात्र मागणार आहे. त्या तुमच्या नाहीत, परीक्षा मंडळाने त्याला दिलेल्या आहेत. मागायला गेले की ‘सर बाहेर गेलेत.’ सर इतके बाहेर असतात की त्यांनाच कुणीतरी नोकरी लावून द्यावी.

तेव्हा आठवडाभरात गुणपत्रिका आणि बाराशे रुपये परत करावेत. अन्यथा तुमचीच पावती जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार जाईल. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मी वाचून ठेवला आहे, १९१५ हा हेल्पलाइन क्रमांकही भाच्याच्या फोनमध्ये घातला आहे. आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे रजिस्ट्रेशन फी लागत नाही.

कळावे,
आपल्या एका उमेदवाराचा मामा